म्हातारा मेंदू, वनस्पतींचे अर्क आणि पेशींची मोजदाद : वाचकांचे प्रश्न

वृद्ध प्राण्यांच्या मेंदूतल्या पेशी औषधी वनस्पतींच्या अर्काने वाचतात का, या विषयावर आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. काही प्रश्न प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांचे आहेत, काही घरातल्या वयस्कांच्या काळजीतून आलेले. पेशी मोजण्याच्या प्रश्नाला जागा जास्त दिली आहे, कारण या क्षेत्रातला सगळ्यात मोठा गोंधळ तिथेच होतो. उत्तरांत ‘रॅट’ म्हणजे प्रयोगशाळेतला मोठा उंदीर आणि ‘माउस’ म्हणजे लहान, असे समजावे. मराठीत दोघांनाही उंदीरच म्हणतात, पण त्यांचे डोस वेगळे असतात.

प्रश्न : वय वाढले की मेंदूतल्या हजारो पेशी रोज मरतात, असे मी वर्गात शिकवत आलो आहे. मग एखादा अर्क हे मरण थांबवतो, या दाव्यात वावगे काय? (जीवशास्त्राचे शिक्षक)

उत्तर : आकडा खरा आहे. त्यातून काढला जाणारा अर्थ चुकतो. बेंटे पाकेनबर्ग आणि हान्स यॉर्गेन गुंडरसेन या डॅनिश संशोधकांनी १९९७ साली माणसाच्या मेंदूच्या बाह्यकातल्या, म्हणजे बाहेरच्या थरातल्या, चेतापेशींचा हिशेब मांडला. पेशी सरासरी २,००० कोटींच्या आसपास, आणि विशीपासून नव्वदीपर्यंत त्यांत घट सुमारे १० टक्के. या २०० कोटी पेशी सत्तर वर्षांच्या २५,५५० दिवसांवर वाटल्या, की रोजच्या साधारण ७८ हजार होतात. ऐकायला भयंकर वाटते. पण आयुष्याच्या शेवटीही शंभरातल्या नव्वद पेशी जागेवर असतात, हे त्याच हिशेबात आहे.

आधी चित्र वेगळे होते. १९५५ साली हॅरल्ड ब्रॉडी यांनी वृद्धांच्या मेंदूच्या कापांत मोजून बाह्यकात मोठी घट असल्याचे लिहिले आणि पुढची तीस-चाळीस वर्षे तेच पाठ्यपुस्तकांत राहिले. मोजण्याची पद्धत सुधारल्यावर घट आटली. १९९६ साली पीटर रॅप आणि मिशेला गॅलॅगर यांनी म्हाताऱ्या रॅटच्या हिपोकॅम्पसमधल्या, म्हणजे स्मृतीच्या भागातल्या, पेशी मोजल्या. ज्यांची दिशा लक्षात ठेवण्याची क्षमता ढासळली होती त्यांच्यातही चेतापेशींची संख्या तरुणांइतकीच होती. पेशी होत्या, काम बिघडले होते.

वयाबरोबर खरोखर काय जाते? चेतासंधी कमी होतात, पेशींच्या फांद्यांवरचे सूक्ष्म काटे झडतात, चेतातंतूंवरचे मायलिनचे आवरण विरते, दाह वाढतो. काही ठिकाणी पेशीही जातात : माणसात सब्स्टॅन्शिया नायग्रा या भागातल्या डोपामिन बनवणाऱ्या, आणि वृद्ध उंदरांत अनुमस्तिष्कातल्या पर्किंजे पेशी. म्हणून ‘अर्काने पेशी वाचल्या’ असे कुणी म्हटले की पहिला प्रश्न विचारायचा : त्या जागी, त्या वयात, त्या प्राण्यात पेशी मरत तरी होत्या का?

प्रश्न : ब्राह्मीचा अर्क काढून वृद्ध रॅटना तीन महिने द्यायचा आहे. अर्क कसा आणि किती काढावा? मागच्या वर्षी दोन खेपांचे निकाल जुळले नाहीत. (औषधनिर्माणशास्त्राची विद्यार्थिनी)

उत्तर : न जुळण्याचे पहिले कारण बहुधा बाटलीच्या आधीचे असते. ब्राह्मी या एकाच नावाने दोन वनस्पती चालतात : बॅकोपा मोनिएरी आणि सेंटेला एशियाटिका, म्हणजे मंडूकपर्णी. पहिलीत बॅकोसाइड ही द्रव्ये असतात, दुसरीत एशियाटिकोसाइड. वाळून चुरा झाल्यावर डोळ्यांनी दोन्ही सारख्याच हिरव्या-तपकिरी दिसतात. तेव्हा ओली, फुलासह वनस्पती वनस्पतितज्ज्ञाकडून ओळखून घ्या, तिचा एक नमुना दाबून वाळवून हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, क्रमांकासह ठेवा आणि तो क्रमांक प्रबंधात लिहा. बॅकोपा पाणथळ जागी वाढते आणि कॅडमियम, शिसे यांसारखे धातू सहज शोषते. हे धातू स्वतःच चेतापेशींना मारतात, म्हणून अर्काची धातूंसाठी तपासणी ऐच्छिक समजू नका.

आता किती, ते आधी ठरवा. ४०० ग्रॅमच्या रॅटला किलोमागे २०० मिलिग्रॅम म्हणजे रोज ८० मिलिग्रॅम. १२ रॅट, ९० दिवस : ८६.४ ग्रॅम. किलोमागे १०० मिलिग्रॅमचा दुसरा गट असेल तर आणखी ४३.२ ग्रॅम. एकूण सुमारे १३० ग्रॅम कोरडा अर्क. उतारा, म्हणजे पुडीतून मिळणाऱ्या कोरड्या अर्काचे प्रमाण, १५ टक्के धरला तर ८६५ ग्रॅम पूड लागेल. सांडलवंड, रासायनिक तपासणी आणि जपून ठेवायचा नमुना धरून १.२ किलो पूड एकदाच घ्या. संपूर्ण प्रयोग एकाच खेपेच्या अर्कावर व्हायला हवा. मध्येच अर्क संपला आणि नवा काढला, की औषध बदलले असे समजा. तुमच्या दोन खेपा न जुळण्याचे दुसरे संभाव्य कारण हेच.

पद्धत अशी. वनस्पती सावलीत, ४० अंश सेल्सिअसच्या खाली, कुस्करल्यावर कुरकुरेपर्यंत वाळवा. ओलसर राहिली तर बुरशी धरते आणि बुरशीचे विष अर्कात येते. भरड दळून ४० नंबरच्या चाळणीतून काढा. फार बारीक पूड गाळणीत चिखल करते. द्रावक ७० टक्के इथेनॉल. ९५ टक्क्यांचे इथेनॉल वापरत असाल तर ७३७ मिलिलिटर घेऊन पाण्याने १ लिटर करा. ७०० मिलिलिटर घेऊन त्यात ३०० मिलिलिटर पाणी ओतले तर ते ७० टक्के होत नाही, आणि ही चूक फार जणांकडून होते. १०० ग्रॅम पुडीला १ लिटर द्रावक, २४ तास शेकरवर, मग गाळणे. त्याच चोथ्यावर ताजे द्रावक घालून आणखी दोनदा. तिन्ही गाळ एकत्र करून रोटरी इव्हॅपोरेटरवर कमी दाबाखाली ४० ते ४५ अंशांना अल्कोहोल उडवा आणि उरलेले पाणी फ्रीझ ड्रायरवर काढा.

इथे ब्राह्मी त्रास देते. तिच्यातले सॅपोनिन साबणासारखे फेसाळतात आणि फेस थेट कंडेन्सरमध्ये चढतो. फ्लास्क एक-तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका आणि दाब सावकाश उतरवा. घाईने तापमान वाढवू नका. सॉक्सलेट या उपकरणात तासन्‌तास उकळणे टाळण्याचेही कारण हेच, की लांबलेल्या उष्णतेने ग्लायकोसाइड, म्हणजे साखर जोडलेले रेणू, यांच्यावरची साखर तुटते आणि अर्क मुळातल्या वनस्पतीपासून दूर जातो.

कोरड्या अर्काचे वजन भागिले पुडीचे वजन गुणिले १०० हा उतारा लिहून ठेवा. मग एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातली संयुगे वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावर, बॅकोसाइड ए मोजा. हे संयुग अतिनील किरणे फार कमी शोषते, म्हणून तरंगलांबी २०५ नॅनोमीटरच्या आसपास ठेवावी लागते आणि द्रावके तितकीच शुद्ध लागतात. ‘बॅकोसाइड ए’ हे एक संयुग नाही, चार सॅपोनिनांचे मिश्रण आहे. आलेखातल्या चारही शिखरांची बेरीज सांगता की एकाची, ते स्पष्ट लिहा. अर्क हवेतली ओल ओढून चिकट होतो, तेव्हा आठवड्यापुरत्या छोट्या कुप्या भरून उणे २० अंशांना, अंधारात ठेवा. बाहेर काढलेली कुपी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, नाहीतर आत दव धरते आणि पुढच्या दिवसापासून तुमचे ८० मिलिग्रॅम ८० राहत नाहीत.

अश्वगंधेवर काम करणाऱ्यांसाठी जाता जाता : अर्क मुळांचा म्हणून मिळतो, पण त्यात पानांची भेसळ असू शकते. पानांत विथाफेरिन ए जास्त असते, आणि ते संयुग पेशींना मारणारे आहे. पेशी वाचवण्याच्या प्रयोगात ही भेसळ परवडणारी नाही.

प्रश्न : खरे म्हातारे रॅट मिळवायला दोन वर्षे लागतात. डी-गॅलॅक्टोज देऊन दोन महिन्यांत वार्धक्य आणता येते, तर तसे करावे का? (संशोधक विद्यार्थी)

उत्तर : डी-गॅलॅक्टोज साधारणपणे किलोमागे १०० ते ५०० मिलिग्रॅम, रोज, सहा ते आठ आठवडे टोचतात. शरीर एवढी साखर नीट पचवू शकत नाही. तिच्यापासून गॅलॅक्टिटॉल साचते, ती प्रथिनांना चिकटते आणि ऑक्सिडीकरणाचा ताण वाढतो. म्हणजे हा ऑक्सिडीकरणाच्या इजेचा नमुना आहे. वार्धक्यात घडणाऱ्या अनेक गोष्टींपैकी एकच त्यात आहे. ऑक्सिडीकरण रोखणारा अर्क इथे उपयोगी पडेलच, कारण इजाच त्या जातीची निवडली आहे. चाळणी म्हणून तो वापरा, पण शीर्षकात ‘वृद्ध प्राणी’ लिहू नका.

खरे वार्धक्य हवे तर रॅट २२ ते २४ महिन्यांचे आणि सी५७ब्लॅक/६ जातीचे माउस १८ ते २४ महिन्यांचे लागतात. प्रजननातून निवृत्त झालेले प्राणी स्वस्तात मिळतात, पण ते साधारण आठ ते बारा महिन्यांचे म्हणजे मध्यमवयीन असतात. मधला मार्ग म्हणजे जपानमध्ये क्योतो विद्यापीठात तोशिओ ताकेदा यांच्या गटाने विकसित केलेली, लवकर म्हातारी होणारी एसएएमपी८ ही माउसची जात. त्यांच्यात स्मृतिदोष सहा ते आठ महिन्यांत स्पष्ट दिसतो. तुलनेला नेहमीसारखी म्हातारी होणारी एसएएमआर१ जात मात्र घ्यावीच लागते.

प्रश्न : रोज नळीने अर्क पाजण्यापेक्षा खाद्यात मिसळला तर काय बिघडते? (प्राणिगृहातील तंत्रज्ञ)

उत्तर : बिघडते, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. बहुतेक अर्क कडू असतात. प्राणी कमी खातो, वजन उतरते, आणि कमी खाणे हाच वार्धक्य लांबवण्याचा सर्वांत जुना सिद्ध उपाय आहे. कॉर्नेलमध्ये क्लाइव्ह मॅके यांनी १९३५ साली कमी उष्मांकावर वाढवलेले रॅट जास्त जगतात हे दाखवले. म्हणजे मेंदूत फरक दिसला तर तो अर्काचा की अर्धपोटी राहिल्याचा, हे सांगता येत नाही. खाद्यातूनच द्यायचे असेल तर प्रत्येक पिंजऱ्याचे उरलेले खाद्य रोज तोला आणि एक गट असा ठेवा, ज्याला अर्काविना पण अर्कगटाने खाल्ले तेवढेच खाद्य मिळेल. वजने दर आठवड्याला, सर्व गटांची.

नळीने देताना म्हाताऱ्या रॅटला गोल टोकाची १६ ते १८ गेजची सुई, तोंडापासून शेवटच्या बरगडीपर्यंत लांबी मापून. आकारमान किलोमागे ५ मिलिलिटर. ४०० ग्रॅमच्या प्राण्याला २ मिलिलिटरमध्ये ८० मिलिग्रॅम हवे, म्हणून द्राव मिलिलिटरला ४० मिलिग्रॅमचा, अर्धा टक्का कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजमध्ये. न विरघळलेला भाग तळाशी बसतो, म्हणून प्रत्येक वेळी सिरिंज भरण्याआधी हलवा. नाहीतर पहिल्या पिंजऱ्याला पाणी आणि शेवटच्याला गाळ मिळतो. नाकातून द्रव आला किंवा प्राणी ठसकला तर लगेच थांबा, सुई श्वासनलिकेत गेली आहे.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगाविशी वाटते. धरण्याचा, उचलण्याचा ताण प्राण्याच्या रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन वाढवतो, आणि हे संप्रेरक हिपोकॅम्पसलाच घातक ठरते. म्हणून आधी दोन आठवडे हात लावण्याची सवय करा, वेळ रोज तीच ठेवा. तुलनेच्या गटालाही नळीने नुसते माध्यम, म्हणजे अर्क नसलेला तोच द्राव, द्या. ‘काहीच न दिलेला’ गट ही खरी तुलना नव्हे. गट किमान चार असावेत : तरुण आणि माध्यम, तरुण आणि अर्क, वृद्ध आणि माध्यम, वृद्ध आणि अर्क. दुसरा गट टाळण्याकडे कल असतो. पण अर्क तरुणांतही तेवढाच परिणाम करत असेल, तर तुम्ही वार्धक्याबद्दल काहीही शोधलेले नाही.

वृद्ध प्राणी मध्येच मरतात. पिट्यूटरी आणि स्तनांच्या गाठी, मूत्रपिंडाचा जुनाट आजार त्यांच्यात नेहमीचे आहेत. शेवटी दहा हवे असतील तर तेरा-चौदाने सुरुवात करा. गाठ सापडलेला प्राणी वगळायचा की नाही, हा नियम प्रयोगाआधी लिहून ठेवा. निकाल पाहून वगळणे म्हणजे निकाल घडवणे होय. अ‍ॅराइव्ह ही प्राणिप्रयोगांच्या वृत्तांताची मार्गदर्शिका, जिची सुधारित आवृत्ती २०२० साली आली, या वगळण्याचा हिशेब मागते.

प्रश्न : आमच्याकडे मेंदूचे ५ मायक्रॉनचे काप काढून रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाच क्षेत्रांतल्या पेशी मोजून सरासरी काढतात. परीक्षकांनी ही मोजणी नाकारली. तिच्यात चूक काय? (पीएच.डी. करणारी वाचक)

उत्तर : परीक्षकांचे बरोबर आहे. काप म्हणजे पावाची चकती समजा आणि पेशी म्हणजे आतले मनुके. मोठा मनुका जास्त चकत्यांत येतो, लहान कमी. तुम्ही चकतीत दिसणारे मनुक्यांचे तुकडे मोजता, मनुके नव्हे. कापात दिसणारे तुकडे हे कापाची जाडी अधिक पेशीकेंद्रकाचा व्यास यांच्या प्रमाणात असतात. समजा तरुण प्राण्यात केंद्रकाचा व्यास १० मायक्रॉन आहे : ५ अधिक १० म्हणजे १५. वृद्धात तो आक्रसून ८ झाला : ५ अधिक ८ म्हणजे १३. एकही पेशी न मरता तुमच्या वहीत १३ टक्के घट येते. आता अर्काने केंद्रक पुन्हा थोडे फुगले, की ‘अर्काने पेशी वाचवल्या’ असा निष्कर्ष तयार. पेशीचा आकार सुधारणे ही चांगलीच गोष्ट आहे, पण ते मरण टळणे नव्हे. जुने अ‍ॅबरक्रॉम्बी सूत्र, १९४६चे, ही चूक काहीशी दुरुस्त करते. त्यासाठी प्रत्येक गटात केंद्रकाचा व्यास स्वतंत्र मोजावा लागतो, आणि तो सहसा कुणी मोजत नाही.

दुसरी चूक ‘क्षेत्रे’ निवडण्याची. मेंदूचा तो भागच आक्रसला तर तेवढ्याच पेशी दाटीने बसतात आणि क्षेत्रामागची संख्या वाढते. सूज आली तर उलटे. घनता ही संख्या नव्हे.

यावर उपाय १९९१ साली वेस्ट, स्लोमियांका आणि गुंडरसेन यांनी दिलेला ऑप्टिकल फ्रॅक्शनेटर. तत्त्व सोपे आहे : भागाचा ठरावीक, ठाऊक असलेला अंश पद्धतशीरपणे मोजायचा आणि उलट्या अंशाने गुणायचे. हिपोकॅम्पसच्या संपूर्ण लांबीचे ४० मायक्रॉनचे काप काढा. पहिल्या दहांतून यदृच्छया एक निवडा, मग प्रत्येक दहावा. प्रत्येक निवडलेल्या कापावर संगणकाने ३०० बाय ३०० मायक्रॉनचे जाळे टाका आणि प्रत्येक घरात ३० बाय ३० मायक्रॉनच्या चौकटीत मोजा : हा शंभरावा अंश. रंगवून वाळल्यावर ४०चा काप सुमारे २० मायक्रॉन उरतो. वरची आणि खालची कड सोडून मधले १२ मायक्रॉन मोजा. सीए१ या हिपोकॅम्पसच्या उपभागात २२८ पेशी भरल्या तर एकूण संख्या २२८ गुणिले १० गुणिले १०० गुणिले २० भागिले १२, म्हणजे ३ लाख ८० हजार. वेस्ट यांच्या मूळ मोजणीत रॅटच्या एका बाजूच्या सीए१मध्ये साधारण इतक्याच पेशी होत्या, तेव्हा तुमचा आकडा यापासून कैक पटींनी दूर गेला तर आधी स्वतःची पद्धत तपासा. पेशी चौकटीत फोकसला आल्याच्या क्षणी मोजायची, आणि डाव्या व खालच्या निषिद्ध रेषेला शिवणारी सोडायची. उरलेली जाडी प्रत्येक प्राण्यात अनेक जागी मोजा. ती गृहीत धरणे ही या पद्धतीतली सर्वांत महागडी चूक आहे. मोजणाऱ्याला गट ठाऊक नसावा. स्लाइडवर सांकेतिक क्रमांक दुसऱ्याने टाकावेत.

काप चांगले नसतील तर यातले काहीच कामाचे नाही. खोल भुलीखाली हृदयातून आधी सलाइन, यकृत फिकट होईपर्यंत. मग ०.१ मोलर फॉस्फेट बफरमधले ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइड, म्हणजे पेशी जशाच्या तशा स्थिर करणारे रसायन, रॅटला ३०० ते ४०० मिलिलिटर, पंधरा-वीस मिनिटांत. त्यानंतर मेंदू लगेच उपसू नका, कवटीतच रात्रभर ४ अंशांना राहू द्या. अर्धवट स्थिर झालेल्या मेंदूला बोट जरी दाबले तरी पेशी आक्रसून गडद, नागमोडी दिसतात. या ‘डार्क न्यूरॉन’ पेशी हाताळणीने झालेल्या असतात. प्रसिद्ध झालेल्या कितीतरी चित्रांत बाणाने दाखवलेल्या ‘मरणाऱ्या’ पेशी याच असतात, हे पाहून वाईट वाटते, कारण त्या प्राण्याचा जीव त्यासाठी गेलेला असतो. मग ३० टक्के साखरेच्या द्रावणात मेंदू तळाशी बसेपर्यंत ठेवा आणि काप काढा.

प्रश्न : मरणाऱ्या पेशी शोधण्याच्या ट्यूनेल चाचणीत आमच्या २४ महिन्यांच्या रॅटच्या सीए१मध्ये ३० टक्के पेशी चमकल्या, अर्कगटात १० टक्के. निकाल उत्तम आहे ना? (त्याच वाचक)

उत्तर : साधा गुणाकार करून पाहा. अ‍ॅपॉप्टोसिसने (पेशीच्या आतूनच ठरलेल्या मरणाने) मरणारी पेशी काही तासांत, फार तर दिवसभरात साफ केली जाते. आज ३० टक्के पेशी मरणपंथाला असतील आणि हा वेग टिकला, तर उद्या ७० टक्के उरतील, परवा ४९, आणि आठवड्याने शंभरातल्या आठ. तुमचा रॅट तर आठवड्यानंतरही पिंजऱ्यात फिरतो आहे. म्हणजे चमकणाऱ्या बहुतेक पेशी अ‍ॅपॉप्टोसिसच्या नाहीत.

ट्यूनेल फक्त डीएनएची तुटलेली टोके दाखवते. ती टोके मृत्यूनंतर मेंदू उशिरा स्थिर केल्याने, नेक्रोसिसने (इजेने पेशी फुटून मरण्याने) किंवा प्रोटिनेज-के जास्त वेळ ठेवल्यानेही होतात. मिलिलिटरला २० मायक्रोग्रॅमचे हे विकर १० ते १५ मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका. एका कापाला डीएनए तोडणारे डीएनेज लावून सगळ्या पेशी चमकतात हे पाहा. दुसऱ्यात टोकांना चमक जोडणारे टीडीटी विकर न घालता एकही चमकत नाही हे पाहा. चमकणारे केंद्रक डॅपी या केंद्रक रंगवणाऱ्या रंगात आक्रसलेले, गोळ्या-गोळ्यांत तुटलेले दिसले तरच मोजा आणि सोबत कापलेल्या कॅस्पेज-३चे (अशा मरणात सक्रिय होणाऱ्या विकराचे) रंगकाम करा. संपूर्ण सीए१मध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या पेशी सापडल्या तर निराश होऊ नका. वृद्ध पण निरोगी मेंदूत तेच अपेक्षित आहे.

प्रश्न : पेशीसंवर्धनात एमटीटी चाचणीवर (जिवंत पेशी हे रसायन जांभळे करतात) अर्काने ९० टक्के संरक्षण दाखवले. हा पुरावा पुरेसा धरता येईल? (संशोधन सहायक)

उत्तर : नाही. वनस्पतींतली पॉलिफिनॉल एमटीटीला पेशींशिवायच जांभळे करतात. पेशी नसलेल्या खळग्यात पेशी वाढवायचे माध्यम, अर्क आणि एमटीटी घालून पाहा. रंग आला तर चाचणी बाद. एलडीएच गळती (फुटलेल्या पेशींतून बाहेर पडणारे विकर) मोजा किंवा मेलेल्या पेशी रंगवणाऱ्या ट्रायपॅन ब्लूने प्रत्यक्ष मोजणी करा. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अर्क एकाच वेळी घातले असतील तर अर्काने बशीतच पेरॉक्साइड संपवले असेल, पेशीला काही शिकवले नसेल. अर्क २४ तास देऊन, धुऊन, मग पेरॉक्साइड घाला. हळदीतल्या कर्क्युमिनची स्वतःचीच चमक असते. ती फ्लुरोसन्सच्या चाचण्यांत मिसळते, हेही ध्यानात ठेवा.

आणि बशीतली संहती मेंदूत पोहोचते का, हा प्रश्न उरतोच. मोठे, साखर जोडलेले रेणू रक्त-मेंदू अडथळा सहज ओलांडत नाहीत. आतड्यातले जीवाणू एशियाटिकोसाइडची साखर तोडून एशियाटिक आम्ल करतात. तेव्हा संवर्धनात मूळ अर्क ओतण्यापेक्षा रक्तात खरोखर सापडणारे संयुग, सापडते त्या संहतीत वापरणे अधिक प्रामाणिक.

प्रश्न : वडील ७२ वर्षांचे, वजन ६० किलो. विसरभोळेपणा वाढतो आहे. एका शोधनिबंधात रॅटना किलोमागे २०० मिलिग्रॅम ब्राह्मी अर्काने फायदा झाल्याचे वाचले. त्यांना १२ ग्रॅम द्यावा का? (एक मुलगा)

उत्तर : नाही. किलोला थेट किलोने गुणता येत नाही. लहान प्राण्याचा चयापचय वेगवान असतो. रूपांतराची प्रचलित रीत अशी : रॅटचा डोस गुणिले ६ भागिले ३७. २०० गुणिले ६ भागिले ३७ म्हणजे किलोमागे सुमारे ३२ मिलिग्रॅम, ६० किलोला १.९ ग्रॅमच्या आसपास. माउसचा डोस असता तर ६ऐवजी ३ने गुणले असते. तुमच्या हिशेबात सहापट चूक होती. आणि हे १.९ ग्रॅम अर्काचे. उतारा १५ टक्के असेल तर ती १३ ग्रॅम कोरडी पूड होते. हे सूत्र चाचणीचा सुरुवातीचा डोस ठरवण्यासाठी आहे. घरी औषध देण्यासाठी ते वापरू नये.

माणसांवरच्या ब्राह्मीच्या चाचण्यांत प्रमाणित अर्क साधारण ३०० मिलिग्रॅम रोज, १२ आठवडे दिला गेला. काहींत शब्द आठवण्यात थोडी सुधारणा दिसली. त्या चाचण्या लहान होत्या आणि त्यांत पेशी वाचल्या का हे कुणी मोजलेले नाही, जिवंत माणसात ते मोजता येतही नाही. मोठी चाचणी झाली ती जिन्को या झाडाच्या पानांच्या अर्काची : ७५ वर्षे व त्यापुढचे ३,०६९ जण, १२० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सुमारे सहा वर्षे. २००८ साली निकाल आला. जिन्को घेणाऱ्यांत २७७ जणांना आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत २४६ जणांना स्मृतिभ्रंश झाला, म्हणजे बचाव नाही. प्राण्यांत मात्र हाच अर्क वर्षानुवर्षे पेशी ‘वाचवत’ होता. वनस्पतीतून आलेले आणि स्मृतिभ्रंशात खरोखर वापरले जाणारे औषध आहे गॅलँटामिन, स्नोड्रॉप आणि डॅफोडिल कुळातल्या फुलझाडांपासूनचे. तेही चेतासंधीतले अ‍ॅसिटिलकोलिन टिकवून लक्षणे सौम्य करते, पेशींचे मरण थांबवत नाही.

वडिलांसाठी आधी डॉक्टरांकडून थायरॉइड, जीवनसत्त्व बी१२, साखर, श्रवणशक्ती, झोप, नैराश्य आणि चालू असलेल्या गोळ्या यांची तपासणी करून घ्या. विसरभोळेपणाची यातली बरीच कारणे दुरुस्त होतात. त्यांना डोनेपेझिल हे स्मृतिभ्रंशाचे औषध चालू असेल तर ब्राह्मीने पोटाचा त्रास आणि नाडी मंदावण्याचा धोका वाढू शकतो. अश्वगंधा थायरॉइडची संप्रेरके वाढवू शकते आणि तिने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. मंडूकपर्णीबाबतही तशा नोंदी आहेत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर जिन्को नको. कोणताही अर्क घेताना डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली किंवा अंगाला खाज सुटली तर त्याच दिवशी बंद करून यकृताची तपासणी करा. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूलतज्ज्ञांना अर्काचे नाव सांगा आणि बाटली सोबत न्या.